साबणाच्या पाण्यात धुतलेली पाटी

एक बादली साबणाचं पाणी. उशापाशी एक खिडकी. सूपभर गळालेल्या कळ्या. दोन बहिणींचा अबोला.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, संबंध मी आहे. मी एक जुनी जस्ताची पाटी आहे, बोटभर लांब, तारेनं फांदीला बांधायची. रोपवाटिकेच्या मालकिणीनं माझ्यावर खिळ्यानं कोरलं: ‘कॅमेलिया. पांढरा, एकेरी. सकाळचं ऊन सोसतो.’ तेव्हा मी खरं बोलत होते.

हंगामाआधी मालकीणबाईंनी सगळ्या पाट्या सोडवून बादलीत घासल्या आणि नुसत्या पानांवरून ओळखून परत बांधल्या. कॅमेलियाच्या फुलझाडात लाल काय, पांढरा काय, पानांत एकोणीस-वीसचाच फरक! मी भलत्याच रोपावर गेले. ते होतं लाल, भरगच्च फुलाचं, सावलीत रमणारं. मला समजलं होतं. पण पाटीला तोंड कुठलं?

दुसऱ्याच दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आली. तिची थोरली बहीण कंबर मोडून अंथरुणाला खिळली होती. पूर्वेची खिडकी एवढंच तिचं जग.

“ताईला पांढरंच हवं, एकेरी. मधला पिवळा गुच्छ दिसला पाहिजे म्हणते.”

“झाड निवडताय की जावई?” मालकीणबाई हसल्या.

“जावई परवडला. तो आवडला नाही तर निदान त्याला बोल लावता येतो!”

तिनं रोपं न्याहाळली, मला दोनदा वाचलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

झाड खिडकीसमोर लागलं. कळ्या धरायच्या, सकाळच्या उन्हानं करपायच्या, गळायच्या. एक वर्ष, दोन वर्षं. आतून ताईचा आवाज यायचा, “तुझ्या हाताला यशच नाही. पाणी घालतेस की नुसती झारी दाखवतेस?” धाकटी खाली मान घालून कळ्या सुपात गोळा करायची. त्या प्रत्येक वेळी मी वाऱ्यावर हलून लखलखायचे, आणि माझ्यावरचं खोटं आणखी ठळक दिसायचं.

तिसऱ्या वर्षी पानाआड एक कळी वाचली. उमलली ती लालभडक.

“हे पांढरं?” ताई म्हणाली. “माझे डोळे गेले की तुझी अक्कल?”

त्या दिवसापासून दोघींचं बोलणंच थांबलं. चार दिवसांनी धाकटीनं मालकीणबाईंना घरी आणलं. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, यांची काही चूक नाही. पाट्या धुऊन मीच अंदाजानं बांधल्या.”

ताई पुटपुटली, “तीन वर्षं मी हिला बोलले.” आणि तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. धाकटी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिली.

झाड मागच्या सावलीत हलवलं. मालकीणबाईंनी स्वतः खणून दिलं. मला मात्र धाकटीनं फेकलं नाही. शिवणयंत्राच्या खणात, बटणांमध्ये ठेवलं. टाकून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

मित्रांनो, पाट्या जरूर धुवा. पण एक सोडा, धुवा, तिथेच बांधा, मगच दुसरीला हात लावा. आणि झाड फुललं नाही म्हणून घरातल्या माणसाला बोलण्याआधी एकदा पाटीवर संशय घ्या. आम्ही गुन्हेगार असू शकतो.

धाकटीनं रोप निवडलं त्या दिवशी पांढरं रोप तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं.