पडदा ठेवला, पेटी दिली

माझी बायको नेत्रावती गेल्यावर एकविसाव्या दिवशी मी तिच्या कॉम्प्युटरची पेटी संतपूरच्या मुलींच्या शाळेला दासोह म्हणून दिली. आमच्या घरात गेलेल्या माणसाची वस्तू गरजवंताला देतात. आणि दासोहात दिलेलं परत मागत नाहीत.

पडदा, दोन स्पीकर आणि प्रिंटर मी ठेवून घेतले. तिचा चेहरा पडद्यावर दिसायचा, आवाज स्पीकरमधून यायचा. पेटी नुसती घुं घुं करायची. ती कशाला ठेवायची?

आजारपणात नेत्रावती रोज कॉम्प्युटरपुढे बसून थोडं थोडं बोलून ठेवायची. शेंगाचटणीत मीठ किती, माझ्या गोळ्या कुठल्या, मंजुश्री लहानपणी कशी रडायची. ती गेल्यावर ते ऐकायचा मला धीर झाला नाही.

दोन महिन्यांनी मंजुश्री, आमची मुलगी, बीदरहून आली. आईचा आवाज ऐकायचा म्हणून तिनं पडदा चालू केला. काळ्यावर एक निळा चौकोन आला आणि इकडून तिकडे फिरत राहिला.

"अप्पा, पेटी कुठाय?"

"शाळेला दिली. आईचं सगळं हितंच हाय की."

ती खालीच बसली. "पडद्यात काही राहत न्हाई, अप्पा. पेटी सांगंल तेवढे ठिपके तो उजळतो. स्पीकरात कागदासारखं एक थरथरतं, त्याचा आवाज होतो. प्रिंटर शाई उमटवतो. सांगणारी पेटी. आई पेटीत होती."

माझी बहीण चन्नव्वा चुलीपाशी होती. "आता मागायला जातूस? दासोह परत घेणारा अजून मी तरी बघितला न्हाई."

"मग आज बघ," मी म्हणालो आणि निघालो.

शाळेत पेटीपुढे तीन मुली एका बाकावर बसून टाइप करत होत्या. रत्नपाल सर त्यांना शिकवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"निंगप्पाण्णा, मागच्याच आठवड्यात पेटीतलं जुनं पुसून नवीन टाकलं. तुम्हीच म्हणलाव, यात कामाचं काही न्हाई."

म्हणालो होतो.

"आता काहीच होत न्हाई?"

"पुसलं तरी जुनं लगेच जात न्हाई. त्याच्यावर नवं बसत गेलं की जातं. बीदरला एकजण काढून देतो. पण खात्री न्हाई. आणि आत्ताच्या आत्ता बंद करावं लागंल."

मुलगी टाइप करतच होती. एकेक अक्षर शाळेच्या पडद्यावर उमटत होतं. प्रत्येक अक्षराखाली नेत्रावतीचं काहीतरी दबत असेल, असं मला वाटत होतं.

"बंद करा, सर."

"सोमवारी परीक्षा हाय पोरींची, अण्णा. चालू असलेला हा एकच हाय."

नेत्रावती असती तर म्हणाली असती, राहू द्या पोरींना. ते मला पक्कं माहीत होतं.

"बंद करा," मी पुन्हा म्हणालो. सर जागचे हलले नाहीत. मीच भिंतीतला प्लग ओढला.

"आज्जा, आमचं अर्धंच झालंय!" एक मुलगी ओरडली. दुसरीनं विचारलं, "परत कधी आणणार?"

"माहीत न्हाई," मी म्हणालो.

सरांनी वायरी काढून दिल्या.

बीदरच्या बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "खाली ठेवा की, अप्पा, जड हाय." मी ठेवली नाही.