आरशावरचे अकरा

"कप्तान, माझ्या गळ्यावर वस्तरा आहे. दाराकडे काय बघताय?"

"कुठं बघतोय?" असं म्हणत कप्तानांनी पुन्हा दाराकडे बघितलं.

मी गप्प बसलो. वस्तरा हातात असलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं शहाणपण माझ्याकडे आहे. पण त्या संध्याकाळी कप्तानांच्या हाताला चैन नव्हती. एका गालाला दोनदा साबण लागला, दुसरा कोरडाच. मध्येच त्यांनी फडका घेऊन आरसा पुसला, तो आधीच लख्ख होता. बाकावर दाटीवाटीनं बसलेले आमचे खेळाडू कधी त्यांच्याकडे, कधी एकमेकांकडे बघत होते. उद्या आमच्या फुटबॉल क्लबचा शेवटचा सामना. परवा मैदानावर खोदकाम सुरू होणार, तिथं बसआगार होणार. आणि आरशावर अजून एकही नाव नव्हतं.

हे आरशाचं प्रकरण आधी सांगायला हवं. कप्तान म्हणजे आमच्या गावचे न्हावी. आता पोट सुटलंय, पळणं तर कधीच सुटलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. क्लब त्यांच्या वडिलांनी याच दुकानात काढला आणि तेव्हापासून संघ इथंच निवडला जातो. सुरुवातीला म्हणे दारावर कागद लावत. ज्याचं नाव नसे तो कागद फाडून नेई. मग वडिलांनी साबणाच्या वडीनं आरशावरच नावं लिहायला घेतली. आरसा फोडायची कोणाची छाती झाली नाही. रविवारी सामना, शनिवारी नावं. सगळ्यात वर आघाडीचे, खाली मधले, त्याखाली बचाव आणि अगदी तळाशी, खुर्चीत बसलेल्याच्या चेहऱ्यासमोर येईल असा, गोलकीपर. शनिवारी दाढीला आलेल्या परक्या गिऱ्हाइकाला आमचा सगळा संघ डोक्यावर घेऊन बसावं लागे.

ज्याला वगळलं त्याचे केस मात्र कप्तानांनी स्वतः कापायचे, आणि तेही फुकट. हाही वडिलांचाच नियम. वगळलेल्या माणसाच्या डोक्यावर कोणीतरी हात ठेवायला हवा, असं ते म्हणत. मी पाणीपुरवठा खात्यातला कारकून, क्लबचा डावा बचावपटू. मैदानात उतरलो नाही तितक्या वेळा या खुर्चीत बसलो. खात्यात माझ्याइतके नीटनेटके केस कोणाचेच नसत. साहेबांना त्याचं फार कौतुक होतं, कारण ते का, हे मी कधी सांगितलं नाही.

बाकी क्लबचा इतिहास म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मैदानाला उतार, पावसाळ्यात त्याचं तळं. एकुलता एक चेंडू चांभारानं इतक्या वेळा शिवलेला की लाथ सरळ मारली तरी तो वाकडाच जायचा. हरायची आम्हाला सवय होती. एकदाच करंडक जिंकला. त्याचा फोटो आरशाशेजारी टांगलाय. फोटोत गोलकीपर आहे, पण तो आमचा गोलकीपर नव्हे.

तेव्हाचा आमचा गोलकीपर म्हणजे कप्तानांचा भाऊ. पंपदुरुस्ती करतो. सगळं गाव त्याला धाकटाच म्हणतं. त्या मोसमात त्यानंच आम्हाला अंतिम सामन्यापर्यंत ओढत नेलं होतं. आणि त्याच्या आदल्या शनिवारी कप्तानांनी आरशाच्या तळाशी दुसऱ्याचंच नाव लिहिलं. का, तर भावाला घेतलं असं कोणी म्हणू नये! कोणीही म्हणणार नव्हतं. धाकट्यानं आरसा वाचला, रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि सरळ बसथांब्याजवळच्या दुसऱ्या न्हाव्याकडे केस कापायला गेला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोणाला? दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो. हरलो असतो तर बरं झालं असतं, निदान कप्तानांना माफी मागायला तोंड राहिलं असतं.

तसं दोघांचं बोलणं बंद नव्हतं. आजारपणात एकमेकांकडे धावून जात. कप्तानांच्या घरचा पंप धाकटाच दुरुस्त करी. पण तो पुन्हा कधी या खुर्चीत बसला नाही. समोरासमोर आले की कप्तानांची नजर आधी भावाच्या मानेवर जाई. "त्या माणसाला साधी रेघ सरळ येत नाही," असं ते पुटपुटत आणि दिवसभर कात्रीशी चाळा करत राहत.

तर त्या संध्याकाळी त्यांनी कशीबशी माझी दाढी उरकली, साबणाची वडी घेतली आणि लिहायला लागले. बचावात माझं नाव आलं. लायकी म्हणून की उपकार म्हणून, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. दहा नावं झाली. मग वाकून, सावकाश, त्यांनी तळाशी लिहिलं : धाकटा.

बाकावरच्या माना दूधवाल्याकडे वळल्या. सध्या गोलमध्ये तोच उभा राहतो. तो थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला.

"असू दे कप्तान," तो म्हणाला. "केस तसेही वाढलेच होते."

आतल्या दारातून वहिनींनी आरसा वाचला. "अहो, त्याला विचारलंत तरी का?"

"निरोप धाडलाय."

"काय म्हणून?"

"आरसा बघून जा म्हणून."

"धन्य आहे! सख्ख्या भावाशी तोंडानं बोलायला काय होतं? तिथंही साबणच लागतो का?"

कप्तानांनी खुर्ची झटकली, पुन्हा झटकली. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही. इतकी वर्षं हा माणूस एका 'चुकलं' या शब्दाभोवती फेऱ्या मारत होता.

धाकटा आला तो कामावरूनच. हात ग्रीसनं काळे, खांद्यावर पान्यांची पिशवी. उंबऱ्यातच थांबून त्यानं आरसा वरपासून खालपर्यंत वाचला.

"उद्या फोटो काढणार आहेत," कप्तान घाईघाईनं म्हणाले. "तू मध्ये उभा राहा. गुडघा बरा आहे ना? नसला तरी चालेल, पुढं ही मंडळी सांभाळतील."

धाकट्यानं पिशवी खाली ठेवली.

"दादा, तेव्हा भाऊ म्हणून काढलंस. आता भाऊ म्हणून घेतोयस. गोलकीपर म्हणून कधी बघितलंस का रे मला?"

कप्तानांच्या हातातला फडका तसाच राहिला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "सामना चालू असतानाच कळलं होतं."

"माहितीये. गोलमागंच उभा होतो मी. पूर्ण वेळ."

हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी जिंकल्यावर आम्ही करंडक घेऊन नाचलो, पण गोलमागं कोण आहे हे वळून बघायची कोणाला आठवण झाली नाही. मला माझीच लाज वाटली.

धाकटा आरशापाशी गेला आणि अंगठ्यानं त्यानं आपलं नाव पुसलं. नीट पुसलं गेलं नाही, साबण नुसता फासला गेला. "दूधवाल्याला लिही. एवढी वर्षं चिखलात लोळला तो, आणि शेवटच्या दिवशी फोटोला मी? त्याची गत माझ्यासारखी करू नकोस."

कप्तानांनी मान डोलावली. आता हा पिशवी उचलून जाणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. कप्तानांनाही वाटलं असावं, कारण ते वाटेतून बाजूला झाले.

धाकटा खुर्चीत बसला.

"बघतोस काय? आरशावर नाव नाही माझं. केस काप."

कप्तानांनी कपाटातून धुतलेला पांढरा कपडा काढला. तो गळ्याभोवती बांधायला त्यांना बराच वेळ लागला. कंगवा मानेवर फिरवला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय करून ठेवलीय रे ही मान त्यानं!"

"बोलू नकोस, काप."

कात्री सुरू झाली. पांढऱ्या कपड्यावर पडलेले केसही बरेचसे पांढरेच होते. आरशात वर दहा नावं होती आणि तळाशी, गोलकीपरच्या जागी, साबणाच्या डागाआड धाकट्याचा चेहरा होता.

दूधवाला आपलं नाव लिहायला वडी घेऊन पुढं झाला. लिहायचं तर तो डाग आधी पुसायला हवा होता. आरशासमोर तो थोडा वेळ उभा राहिला. मग वडी जागेवर ठेवून माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला.

"होऊ दे त्यांचं," तो म्हणाला.