दुखऱ्या हाताशेजारी चांगला हात

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ट्रंक येईल, नाहीतर भजनातली बाजाची पेटी. तसली मी नव्हे. माझ्या पोटात दोन ट्यूबलाइट आहेत आणि तोंडावर दुधी काच. हाडांचे डॉक्टर त्या काचेवर एक्स-रेचे काळे फोटो लावायचे आणि आतला उजेड पेटवून मोडलेलं हाड बघायचे.

माझा जन्म औरंगाबादचा. सांडू मिस्त्रींनी डॉक्टर गयास यांच्या दवाखान्यासाठी मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. एका फोटोपुरती पेटी बास झाली, असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. गयाससाहेब म्हणाले, "दोन शेजारी-शेजारी मावले पाहिजेत, मिस्त्री." मिस्त्री कुरकुरले खरे, पण माझे सांधे त्यांनी असे जुळवले की कागदसुद्धा आत शिरू नये. मला त्याची अजून ऐट आहे.

पुढे मी किती हाडं पाहिली! गंगापूरचे उसाच्या गाडीवरून पडलेले, सिल्लोडचे स्कूटरवरून घसरलेले, आणि घरच्याच ओट्यावरून पाय सटकलेले तर रोजचेच. गयाससाहेब काचेवर पट्टी धरून मोजत आणि सूतभर फरकासाठी चहा गार होऊ देत. "हाडाला घाई नाही, आपल्यालाच असते," असं ते म्हणत. त्यांच्या हाताखाली आलेले बोर्डे डॉक्टर मात्र उतावळे होते. पोरगा हुशार, हात सफाईचा, पण हाड दिसलं की तार घालायला शिवशिवायचा.

एके सकाळी दौलताबादची अकरा वर्षांची द्वारका आली. पेरूच्या झाडावरून ती डाव्या कोपरावर पडली होती. सोबत तिची आत्या वच्छलाबाई. बोर्ड्यांनी फोटो माझ्यावर लावला आणि कोपराच्या टोकाशी असलेल्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"तुकडा सुटलाय. आज दुपारीच उघडून तारेनं बांधू."

'उघडून' हा शब्द ऐकून द्वारकाने आत्याच्या पदरात तोंड खुपसलं. मलाही ते पाहवेना.

तेवढ्यात गयाससाहेब आले. त्यांनी एका बोटाने कोपराचं टोक हलकेच दाबलं. "इथं दुखतं, बेटा?"

"नाय. जरा बाजूला."

"हात डोक्यावर ने आणि सरळ कर."

डोळे पुसत, हळूहळू, पण तिने केला. साहेब म्हणाले, "बोर्डे, टोक खरंच तुटलं असतं तर हे जमलं नसतं. वाढत्या वयात तिथं हाड वाढायची काळी रेघ असतेच. उजव्या कोपराचा फोटो काढा, तसाच वाकवून. मग ठरवू."

थोड्या वेळाने दुसरा फोटो आला. दोन्ही माझ्यावर शेजारी लागले. रेघ अगदी तशीच! बोर्डे खजील झाले. "सर, चुकलो. ऑपरेशन नको."

मी तर आनंदाने लकाकत होते. पण साहेब हसले नाहीत. काचेला नाक लावून बघत राहिले. दोन्ही फोटोंत कोपराच्या वर एक पांढरा ठिपका होता, धातूचा उमटतो तसा.

"बाई, हिच्या दोन्ही दंडांना ताईत आहे का?"

"नाय हो. डाव्यालाच."

"मग हा फोटो उजव्याचा कसा?"

वच्छलाबाई गडबडल्या. "अवो, दुखतोय डावा अन् ते फोटू काढनारे भाऊ उजवा हात मांडाय लागले! म्या म्हनलं, चुकतंय तुमचं. परत डाव्याचाच काढाय लावला. चांगल्या हाताचा फोटू कुनी काढतं व्हय?"

बोर्डे डॉक्टरांना हसू फुटलं. साहेबांनी मात्र हात वर केला. "बोर्डे, उत्तर कदाचित बरोबर येईल. पण हे गणित चुकलेलं आहे. पोरीचा हात अंदाजावर सोडायचा नाही."

तिसरा फोटो आला. ठिपका नव्हता. तो माझ्या काचेवर डाव्याच्या शेजारी चढला. द्वारका तर टाचा उंचावून बघू लागली. आणि मित्रांनो, उजव्या कोपरातही तीच रेघ, तशीच, तेवढीच! हाड शाबूत होतं, नुसता मुका मार होता. झोळीत हात आणि आठ दिवसांनी पुन्हा दाखवायचं, एवढाच उपचार ठरला. द्वारका एवढ्या मोठ्यानं हसली की बाहेरचे रोगी आत डोकावले. वच्छलाबाईंनी मलाच हात जोडले.

पुढे संगणक आले. फोटो पडद्यावर दिसू लागले आणि मी अडगळीत गेले. धूळ बसली, एक ट्यूब गेली. परवा भंगारवाला मला उचलत होता, तेव्हा पिकल्या केसांचे बोर्डे डॉक्टर धावत आले.

"ठेव ती खाली! हिच्यामुळं एका पोरीच्या चांगल्या हाडावर माझी सुरी चालली नाही."

त्यांनी स्वतः मला पुसलं, नवी ट्यूब बसवली आणि शिकाऊ डॉक्टरांच्या खोलीत टांगलं. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर कधीतरी फडकं मारत जा, एवढं मागणं आहे. आणि एखाद्याला मोडका म्हणायची घाई झालीच, तर आधी दोन्ही हात नीट पाहा. कापलेलं परत जोडता येतं, पण न कापलेल्याची सर त्याला येत नाही.