उपाशी पोटी दिलेलं रक्त

माझी धाकटी बहीण प्रयोगशाळेत रक्तातली प्रथिनं तपासते. अंडाशयाचा कर्करोग वेळेत ओळखू येईल असं एक प्रथिन तिला मोठ्या खटपटीने सापडलं होतं. आजारी बायकांच्या रक्तात ते भरपूर, धडधाकट बायकांच्या रक्तात जेमतेम. आमची आई त्याच आजाराने गेली, तेव्हापासून पोरीने दुसरं काही डोक्यात येऊच दिलं नव्हतं.

तुलनेसाठी धडधाकट बायका कमी पडल्या तेव्हा तिने मला धरलं. माझ्याइतकी ठणठणीत बाई शोधून सापडायची नाही, म्हणून मीही ऐटीत दंड पुढे केला.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली तीच पडलेल्या चेहऱ्याने. माझा आकडा आजारी बायकांच्या रांगेत जाऊन बसला होता. लगेच सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही.

"सुरुवातीला दिसत नाहीच, ताई," ती म्हणाली. "म्हणून तर ही चाचणी."

घाबरले की मी भांडते.

"आधी तुझं यंत्र तपास. आणि त्या दिवशी मला साधं बिस्कीट तरी विचारलंस का? त्याच सकाळी माझी साखरही तपासायची होती म्हणून रात्रीपासून पोटात कण नव्हता. घेरी येऊन पडायचीच बाकी होते."

"तू उपाशी होतीस?"

"मग इतका वेळ काय सांगतेय?"

तिने घाईघाईने फोनवर नोंदी काढल्या. आजारी बायकांचं रक्त ऑपरेशनच्या सकाळी घेतलेलं, म्हणजे उपाशी पोटी. बाकीच्या धडधाकट बायकांना मात्र चक्कर येऊ नये म्हणून आधी नाश्ता दिलेला. तिचं प्रथिन आजार ओळखत होतं की नुसती भूक?

दुसऱ्या दिवशी तिने मला समोर बसवून पोटभर जेवू घातलं आणि पुन्हा सुई टोचली. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींना उपाशी ठेवून त्यांचंही रक्त घेतलं. माझा आकडा खाली आला, त्यांचे सगळ्यांचे वर गेले.

तिच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं होतं. मला फार वाईट वाटलं, मी तिचा हात धरला. तिने डोळे पुसले आणि माझा हात न सोडताच साहेबांना फोन लावला.

"सर, आपली चाचणी साफ चुकलीय," ती म्हणाली, आणि इतक्या आनंदाने म्हणाली की तिकडून त्यांनी दोनदा विचारलं, नक्की काय झालंय.