भिंतीवरचा अभिमन

मित्रांनो, मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. आयुष्यभर मला एकच देश दाखवता आला, आणि तोही मी पाहिलेला नाही.

शहाऐंशी साली जळगावच्या सुभाषचंदशेठनी मला चोपड्याकडच्या एका शाळेला भेट दिलं. सोबत स्लाइडांची एकच पेटी होती : दक्षिण अमेरिकेतला इक्वेडोर. त्यामुळे आमच्या मुलांना धुळं कोणत्या दिशेला आहे ते सांगता येईना, पण राजधानी क्विटो तोंडपाठ झाली. शिक्षिका लताबाई खिडक्यांना गोणपाटं लावून माझा दिवा लावत. मग भिंतीवर विषुववृत्ताची रेघ उमटे. तिथे लोक एक पाय उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिण गोलार्धात ठेवून फोटो काढतात. पुढे बर्फाने माखलेला कोटोपाक्सी ज्वालामुखी, गालापागोस बेटांवरची अवाढव्य कासवं. तिथल्या हॅटना जग पनामाच्या नावाने ओळखतं, हे कळल्यावर सगळा वर्ग हळहळला.

त्यानंतर केळीचं बंदर. एक तरुण खांद्यावर गोणपाटाची घडी टाकून घड वाहतो आहे, मान किंचित वाकडी.

शाळा झाडणाऱ्या झुंबरबाई दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हाऊ मना अभिमन शे."

अभिमन त्यांचा मुलगा. काही वर्षांपूर्वी हमाल म्हणून केळीच्या ट्रकवर दिल्लीकडे गेला होता. ट्रक परत आला.

तेव्हापासून शाळा सुटली की त्या भिंतीसमोर बसत. लताबाईंना नाही म्हणवेना. मी तीच स्लाइड धरून बसायचो. माझं कौतुक सगळ्यांनी केलं, दिवा गार ठेवणाऱ्या पंख्यातली धूळ कोणी काढली नाही. पंखा बंद पडला, दिवा मात्र जळत राहिला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. त्या दिवशी खान्देशात गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. झुंबरबाईंचे दीर भाईदास शाळेत आले.

"वहिनी, यंदा तरी घागर भर. पोऱ्याले तहान लागनी व्हई."

"जित्ता मानूसनी घागर भरतस का, भाऊ?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "तो दखा, काम करी ऱ्हायना."

भाईदासांनी पाहिलं. तेवढ्यात तरुणाच्या खांद्यावर तपकिरी डाग उमटला. तो मानेकडे चढला, मग चेहऱ्यावर. फिल्म फुगली. लताबाई धावल्या, पण तोवर चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता. घाईत त्यांचा हात लागून पुढची स्लाइड सरकली. ती मुलांना दाखवायची नाही, असं ठरलेलं होतं.

स्मशान. थडग्यांजवळ हसत बसलेल्या बायका, पेल्यांत जांभळं पेय, बाळाच्या आकाराचे पाव.

"या काय करी ऱ्हायन्यात?" झुंबरबाईंनी विचारलं.

"गेलेल्यांना जेवायला घालतायत," लताबाई म्हणाल्या. "नोव्हेंबरात एक दिवस असतो त्यांचा."

"तठे बी आखाजी ऱ्हास?"

"तशीच."

"मंग हसतस कसाले?"

"ते आलेत असं धरून बोलत बसतात."



आखाजीला झुंबरबाईंनी लताबाईंकडून शाळा उघडून घेतली. भिंतीपाशी भरलेली घागर ठेवली, वर आंबा, सांजोरी. "लावा," त्या म्हणाल्या. जळकी स्लाइड माझ्यात गेली. भिंतीवर खांदा आला, घड आला, चेहऱ्याच्या जागी पांढरा उजेड आला. त्या उजेडाशी झुंबरबाई पोटभर भांडल्या. ट्रकवाला कोण होता, स्वेटर का नेला नाहीस, इतकी वर्षं उपाशी कुठे फिरलास. दिवा विझवायलाही त्यांनीच सांगितलं.

मित्रांनो, आता मी कपाटात आहे. माझ्यासारखं कोणी तुमच्या शाळेत असेल, तर त्याच्या पंख्यातली धूळ काढत जा. आणि एकाच स्लाइडवर फार वेळ थांबू नका. त्या उजेडाने चित्रातल्या माणसाला भाजतं.