मुक्यानं धाडू नका

बिदरच्या मैलूरमध्ये श्रीपतरावांच्या बियाण्याच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. खाली हमाल पोती आपटायचे आणि वर मंगल मुलींना मराठी शिकवायला शिकवायची. मराठी शिकवणं वेगळं आणि शिकवायला शिकवणं वेगळं, हे ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. सीमेवरच्या गावांतल्या मराठी शाळा पोरांअभावी एकेक करून बंद पडल्या होत्या, त्यात मंगल शिकवत होती ती शाळाही गेली. दोष तरी कुणाला द्यायचा? पोरं कन्नड शाळेत गेली, इंग्रजी शाळेत गेली. कन्नड काही परक्याची नव्हती. बाजारात, बसमध्ये, सोयऱ्यांत तीच चालायची. पण घरातली मराठी मात्र आटत आटत ‘जेव’, ‘झोप’ आणि ‘मोबाईल ठेव’ एवढ्यावर आली होती. म्हणून श्रीपतरावांनी आणखी चार जणांना गोळा करून एक मंडळ काढलं. गावोगावच्या मुलींनी मैलूरला येऊन शिकायचं आणि मग आपापल्या गावी संध्याकाळी देवळात पोरं जमवून वर्ग घ्यायचे.

मंगलचा एक नियम फळ्यावर कायम लिहिलेला असे. शब्द कळला नाही तर लाजू नका, मोठ्या माणसाला थांबवा आणि पुन्हा विचारा. मुली लाजून मान डोलावतात आणि शब्द हातचा जातो, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. मुलींत तिची भाची तेजश्रीही होती. ठाणाकुशनूरहून आलेली, आत्याकडेच राहणारी, सगळ्यांत चुणचुणीत. आत्यानं सांगितलेला शब्द ती खाली पडू देत नसे.

एकदा मंगलनं वर्गात विचारलं, “शेजारी कुणी वारलं. तुम्ही तिथं गेलात. काय बोलाल?”

मुली एकमेकींकडे बघत बसल्या. शेवटी एकीनं धीर करून सांगितलं, “भावपूर्ण श्रद्धांजली.”

सगळा वर्ग खो खो हसला, मंगलही हसली. हसू ओसरलं तेव्हा तिला आपली माय आठवली.

मंगलची माय बाणूबाई म्हणजे बोलून रडणारी बाई. मेंढरांमागं हिंडणाऱ्यांच्या घरातली. पुढं मेंढरं गेली, शेतीचं रान आलं, पण हे बोलून रडणं राहिलं. मढ्यापाशी बसून मेलेल्याला हाक मारायची, त्याचं आयुष्य त्यालाच सांगायचं, त्याला हसायचं, त्याच्याशी भांडायचं आणि मग जा म्हणायचं. नुसतं भोकाड पसरणं वेगळं. त्या घरांत रीत अशी, की पहिला बोल घरच्या लेकीचा. ती बोलल्याशिवाय बाकी बायकांनी तोंड उघडायचं नाही. ती सुरू झाली की मग एकेक जण आपली आठवण त्यात घालत जाते. ज्या घरी लेकीला जमत नसे, ते बाणूबाईला बोलावून लेकीच्या शेजारी बसवत. बाणूबाई कानात सांगे आणि लेक मोठ्यानं बोले. अलीकडं अशा लेकीच फार झाल्या होत्या.

रविवारी मंगल ठाणाकुशनूरला आईकडं गेली. बाणूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

“माय, माझ्या पोरींना बोलून रडायचं शिकव की.”

“येड लागलंय का तुला? कोण मेलंय इथं?”

“कुणी नाही. नुसतं दाखवायचं. तुझ्यामागं कुणाला येणार आहे ते?”

बाणूबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. “घरात मढं नसताना बोलून रडत न्हाईत, मंगल. आन् हे शिकवत बी न्हाईत. मीबी शिकले न्हाई. सासूच्या मागं जाऊन बसायले, बसायले, आन् एक दिवस तोंडातून आलं.” मग म्हणाली, “माझ्या टायमाला कोण हाय? तूच हाईस. मला मुक्यानं धाडू नका, एवढंच.”

“असं काय बोलायलीस?” मंगल म्हणाली. गावोगावच्या मुलींना ती शब्द वाटत होती आणि आईच्या शेवटच्या घडीला लागतील ते तिच्याकडेच नव्हते. वेळ आहे अजून, अशी तिनं मनाची समजूत घातली. माणूस दुसरं काय करतो?

पावसाळा सरता सरता दुबलगुंडीहून सांगावा आला. बाणूबाईचा चुलतभाऊ मल्लिकार्जुन गेला. दुबलगुंडी बाणूबाईचं माहेर. मल्लिकार्जुनला पोरबाळ नव्हतं. मागं एकटी बायको, लिंगम्मा. म्हणजे पहिला बोल बहिणीचाच, बाणूबाईचा. मंगलच्या डोक्यात चक्र फिरलं. शिकवत नाहीत, पण मागं जाऊन बसता येतं ना? मग मुलींनी मागं बसावं. तिनं जीप केली, चौघी मुलींना घेतलं, तेजश्रीला घेतलं आणि मोबाईलवर आवाज कसा धरायचा ते वाटेत समजावून सांगितलं. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आईचं जे आहे ते वाचवायचं, एवढंच होतं.

बाणूबाई नुकतीच पोचली होती. दारात जीपमधून उतरलेल्या मुलींकडं तिनं बघितलं. “ह्या कोण?”

“माझ्या वर्गातल्या. मातीला आल्यात.”

“बसू दे. मातीला आलेल्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई.”

मल्लिकार्जुनला ओसरीत निजवलं होतं. लिंगम्मा उशाशी बसली होती, डोळे कोरडे. शोक आत दाटला की माणूस असा दगड होतो, ते बायकांना ठाऊक असतं. म्हणून तर बोलणारी लागते. बाणूबाई बसली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि बराच वेळ नुसती भावाकडं बघत राहिली. मग सूर लागला.

“माझ्या मल्ल्या रं... काट्यात हात फाडून बोरं आणायचास. आधी बहिणीच्या पदरात घालायचास, मग बायकोच्या. लिंगम्मा रुसून बसायची, आन् तू म्हणायचास, बहीण आज हाय, उंद्या न्हाई... आरं, मी हाय रं अजून. तूच कसा न्हाईस?”

बायकांत हुंदका फुटला. लिंगम्मानं मान वर केली, ओठ उघडले; बोरांवरून नवऱ्याला काहीतरी ऐकवायचं होतं तिला, जन्मभराचं. आता ती बोलणार, एवढ्यात तेजश्री गुडघ्यांवर पुढं सरकली. हातात मोबाईल होता. तिनं आजीच्या खांद्याला हळूच स्पर्श केला आणि वर्गात शिकवलेल्या नम्र आवाजात विचारलं, “आजी, एक मिनिट थांबता का? ते बोरांचं पुन्हा सांगाल?”

बाणूबाईनं वळून बघितलं. रागानं नाही. झोपेतून उठवलेलं माणूस बघतं तसं. नातीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं, आणि परत भावाकडं वळली तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटेना. मंगलनं भाचीला दंडाला धरून मागं ओढलं, पण त्यानं काय होणार? बायका वाट बघत राहिल्या. बाणूबाईचे ओठ हलायचे आणि मिटायचे. लिंगम्माचे उघडलेले ओठही मिटले. अंगणातून कुणीतरी म्हणालं, ऊन चढायलंय, उचला आता. मल्लिकार्जुनला उचललं. तो मुकाच गेला.

परतताना जीपमध्ये तेजश्री हमसून हमसून रडत होती. “आत्या, तूच सांगितलं होतंस ना? थांबवा आणि पुन्हा विचारा म्हणून?”

मंगलला पोरीचाही राग आला होता आणि स्वतःचाही, आणि पोरीवर काढायला सोपा होता म्हणून ती म्हणाली, “कुठं काय विचारावं एवढी अक्कल नको?”

“तिच्यावर कामून चिडायलीस?” बाणूबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. “पोरीनं तुझं ऐकलं.” मग म्हणाली, “मी मल्ल्याला हाक मारायले होते. त्यो ऐकायलाय असं वाटायलं होतं. पोरीनं मला हाक मारली, मी वळले. त्येला वाटलं आसंल, बहीण पाठ करून बसली.”

त्यानंतर बाणूबाई बोलून रडली नाही. सांगावे यायचे, ती जायची, पदर तोंडाला लावून बसायची आणि परत यायची. लोक म्हणाले, म्हातारी थकली. मंगलला माहीत होतं, थकली नव्हती. फळ्यावरचा नियम तिनं पुसून टाकला. वर्ग मात्र चालूच राहिले. मुली पोरांना गोष्टी सांगायच्या, बाजाराचे खेळ घ्यायच्या, पोरं घरी जाऊन आज्यांशी बोलायला लागली. श्रीपतराव खूश होते. लोक कौतुक करायचे तेव्हा मंगलला दुबलगुंडीची ओसरी दिसायची.

ती दर रविवारी आईकडं जाऊ लागली. तिच्याजवळ नुसती बसायची, तिनं सांगितलेलं ऐकायची. एकदा न राहवून म्हणाली, “माय, मला नाही आलं तर?”

“यील की. माझ्यापशी बसल्यावर यील. तू माझी लेक हाईस.” बाणूबाईला खरोखरच तसं वाटत होतं, आणि तेच मंगलला सोसवत नव्हतं.

तुरी काढायच्या दिवसांत पहाटे भावाचा फोन आला. सुनीलकुमार एवढंच म्हणाला, “अक्का, ये. माय गेली.”

मंगल पोचली तेव्हा अंगण भरलं होतं. आजूबाजूच्या गावांतल्या बायका आल्या होत्या. ज्यांच्या ज्यांच्या घरी बाणूबाई रडली होती, त्या सगळ्या. दुबलगुंडीहून दोन बस बदलून लिंगम्मा आली होती. सगळ्यांना काही ना काही सांगायचं होतं; चेहऱ्यांवरून दिसत होतं. सगळ्या पहिल्या बोलाची वाट बघत होत्या, आणि तो मंगलचा होता.

ती आईच्या उशाशी बसली. तोंड किती लहान झालं होतं आईचं. मंगलला वाटलं आता येईल. ‘माय, तू आम्हाला सोडून गेलीस’ असं वाक्य मनात आलं आणि ते तिला फळ्यावर लिहिल्यासारखं समोर दिसलं. छे, हे कुणाच्याही आईचं वाक्य. तिनं ते पुसलं. दुसरं आलं, तेही पुसलं. तिनं नजर वर केली. भिंतीशी तिच्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या, तेजश्री त्यांच्यात. पोरी शहाण्या झाल्या होत्या. मोबाईल बाहेर चपलांपाशी ठेवून आल्या होत्या. पण सगळ्यांचे डोळे मंगलच्या तोंडाकडं लागले होते. बाई आता कसं बोलतात, ते त्या बघत होत्या. तिनंच लावलेली सवय ती. मंगलनं तिसरंही वाक्य पुसलं.

“बोल बाई, बोल,” शेजारची राजूबाई कळवळून म्हणाली. “आमची बी तोंडं बांधून ठिवलीस.”

मंगलच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण नुसत्या पाण्याला त्या घरात रडणं म्हणत नाहीत. बायका थांबल्या. खूप थांबल्या. त्यांच्याजवळचं सगळं त्यांच्याजवळच राहिलं. सुनीलकुमार आत आला, बहिणीजवळ वाकला. “अक्का, उचलायचं का?”

नाही म्हणायला तिच्याकडं काय होतं? तिनं होकारार्थी मान डोलावली. गावभर सगळ्यांसाठी रडलेली बाई स्वतःच्या दारातून एकही शब्द न घेता बाहेर पडली.

पुरुष रानाकडं गेले. बायका निजवलेली जागा धुऊ लागल्या. मुली कुठं बसावं ते न कळून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आईच्या अंगाखालची गोधडी बाहेर टाकायची म्हणून मंगलनं उचलली आणि मागच्या दारी गेली. गोधडीला आईचा वास होता, चुलीच्या धुराचा आणि तेलाचा. मंगल तिथंच खाली बसली, आणि तिला न विचारता तोंडातून आलं.

“माझ्या माये गं... मी वाचायले की दाराआड उभी राहायचीस. वाचलेलं तुला कळायचं न्हाई. कामून उभी हाईस म्हटलं, तर म्हणायचीस, लेकीचा आवाज ऐकायलेय... माये गं, आज दिवसभर ऐकायला पडून राहिलीस आन् तुझी लेक...”

सूर लागला होता. शब्दामागं शब्द येत होता. एकही तिनं निवडलेला नव्हता, एकही पुसावासा वाटत नव्हता. पोटात इतकं साठलं होतं हे तिलाच माहीत नव्हतं. ती अजून बोलली असती, आईचं सगळं आयुष्य बोलली असती. पण मागून कुणीतरी येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. लिंगम्मा होती.

“आता न्हाई, लेकी,” लिंगम्मा हळू म्हणाली. “मेलेल्याचा पाय उंबऱ्याभायेर पडल्यावर हाक मारू नये. वन्सं वाटंवर थांबतील. वळून बघत बसतील, म्होरं जाता यायचं न्हाई त्यास्नी.”

मंगलनं डोळ्यांनीच विनवलं. लिंगम्मानं नकारार्थी मान हलवली. तिनं आपला खरखरीत हात काढला नाही.

“मीबी गिळलंय,” ती म्हणाली. “तूबी गिळ.”

तिच्या तळहाताखाली मंगलचे ओठ बराच वेळ हलत राहिले.