न आलेला फोन

लेबल बाटलीवर अगदी सरळ बसलं होतं. चारही बाजूंना सारखी जागा, कडेला डिंकाचा ओघळ नाही, अक्षर सुटं, खाली 'हलवून घ्यावे'. मॅडमनी बाटली उजेडात धरली, फिरवली, ठेवली आणि पुन्हा उचलली. चार दिवसांत हे कितव्यांदा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बाटली झिजेल हो मॅडम," प्रयोगशाळेतले मामा काचेची भांडी विसळत म्हणाले. "सकाळपासून पायाला भिंगरी लागलीय तुमच्या. एक तर तुम्ही बसा, नाहीतर मला तरी बसू द्या."

"चारपर्यंत गुण द्यायचेत, मामा."

"एका पोरीचेच राहिलेत ना? मग एवढं काय त्यात?"

मॅडम कपाटाकडे गेल्या, ते उघडलं, आणि कशासाठी उघडलं ते न आठवून पुन्हा लावलं.

औषधनिर्मितीच्या परीक्षेत त्या दरवर्षी प्रत्येकाला डॉक्टरांच्या औषधाच्या पाच चिठ्ठ्या द्यायच्या. त्यांतली एक चुकीची असायची. टेबलावर फोन असे, त्याची दुसरी बाजू काचेपलीकडच्या खोलीत. तिथे मॅडम डॉक्टर होऊन बसत आणि घंटा वाजली की "आता काय?" म्हणून मुद्दाम खेकसत. भिडस्त मुलांना तेवढ्यानेच घाम फुटे. पण नियम साधा होता. शंका आली की विचारायचं. न विचारता औषध दिलं तर नापास.

यंदा चिठ्ठीवर रुग्णाचं वय चार महिने होतं आणि डोस चार वर्षांच्या मुलाचा. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी त्या चिठ्ठीशी थांबली. तिने तोललेलं औषध कधी कणभर इकडेतिकडे होत नसे, म्हणून मुलं तिला तराजूचा 'काटा' म्हणत. काचेतून मॅडमनी पाहिलं, तिचा हात फोनपर्यंत गेला, रेंगाळला आणि मागे आला. मग तिने कागदावर गणित मांडलं, डोस चार महिन्यांच्या बाळाइतका कमी केला, आणि ही देखणी बाटली तयार केली.

पण चूक वयात होती, रुग्ण चार वर्षांचा होता. डोस बरोबर होता.

जेवणाच्या सुट्टीत प्राचार्य स्वतः आले. "मॅडम, तिने डोस कमीच केलाय ना? वाढवला तर नाही?"

"तापाने फणफणलेल्या चार वर्षांच्या पोराला थेंबभर औषध मिळालं असतं, सर."

"अहो, पण ते पोर कागदावरचं!"

"सोमवारपासून खरी येतील तिच्यासमोर."

"तेच म्हणतोय मी. एवढ्या मोठ्या रुग्णालयाने पहिल्यांदाच आपल्याकडची मुलगी घेतलीय. तुम्ही तर पोरांच्या चुका पोटात घालणाऱ्या. मग हिच्याच बाबतीत का अडून बसलात?"

मॅडमना ते वाक्य खुपत राहिलं.

तीन वाजता काटा दारात उभी राहिली. "येऊ का, मॅडम? सगळ्यांचा निकाल लागला, माझाच नाही. सोमवारी रुजू व्हायचंय. आईने तर गल्लीभर सांगून ठेवलंय."

"फोन का नाही केलास?"

"डॉक्टरांची चूक त्यांनाच दाखवायची... अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, आपणच नीट करून टाकू."

मॅडमनी 'वय चार वर्षे, डोस बरोबर' असा शेरा मारलेली तिची उत्तरपत्रिका तिच्यापुढे सरकवली. तिने ती वाचली, मग पुन्हा वाचली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी अंदाज केला," ती हळूच म्हणाली.

"चांगला होता अंदाज. पण अंदाजच."

"मॅडम, राग मानू नका, पण तुम्हीपण असंच करायचात. पहिल्या वर्षी मी पाणी आणायला गेले की माझ्या तराजूत कमी पडलेली पूड तुम्ही घालून ठेवायचात. वहीतले आकडे पेन्सिलने बदलायचात. मला सगळं कळायचं. वाटायचं, शहाण्या माणसाने असंच करायचं असतं. कुणाला कमीपणा न देता."

मामांनी नळ बंद केला आणि ते फडकं उगाचच पिळत राहिले.

मॅडम खिडकीपर्यंत गेल्या, परतल्या, पुन्हा गेल्या. घाबरट मुलं ओरडण्याने मिटतात, सांभाळून घेतलं की उमलतात, असं त्या वीस वर्षं मानत आल्या होत्या. मुलंही त्यांच्याभोवतीच गोळा व्हायची. पुडीत चिमूटभर भर घालताना आपल्याला कुणी पाहिलं नाही, याचा त्यांना आनंदच वाटायचा. आजही त्यात काही वाईट दिसेना, आणि म्हणूनच त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मग त्यांनी खुर्ची ओढली. सकाळपासून पहिल्यांदाच त्या बसल्या, मुलीच्या अगदी समोर.

"मी तुला कधी सांगितलंच नाही, कुठे चुकलीस ते," त्या म्हणाल्या. "ती चूक माझी, आणि तसं मी सरांना लिहून देणार आहे. पण ही बाटली तुझी आहे. या परीक्षेत मी तुला नापास करतेय."